शकुंतलादेवींचं सव्वीस अंकी उत्तर

१८ जून १९८० रोजी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात शकुंतलादेवींपुढे दोन तेरा अंकी संख्या ठेवल्या गेल्या. तिथल्या संगणक विभागाने वाटेल तशा निवडलेल्या: ७६८६३६९७७४८७० आणि २४६५०९९७४५७७९. बंगळूरच्या या बाईंनी मनातल्या मनात गुणाकार करून २८ सेकंदांत उत्तर दिलं. लोक बोलतात ते त्या २८ सेकंदांबद्दल. उत्तराची चौकशी सहसा कोणी करत नाही. आज ती आपण करू. लिहून घ्या, सावकाश सांगतो: १८९४७६६८१७७९९५४२६४६२७७३७३०.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त स्थानांची अठरा नावं आहेत, शेवटचं परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्यं. ती इथे पुरत नाहीत. अठरा कोटी चौऱ्याण्णव लाख परार्ध आणि वर बरंच काही, एवढंच म्हणता येतं.

आधी नवाचा ताळा. अंकांची बेरीज करत एका अंकापर्यंत आलं की पहिल्या संख्येचे ६ उरतात, दुसरीचे २. सहा दुणे बारा, एक आणि दोन तीन. उत्तराच्या अंकांची बेरीज १३८, त्याचे बारा, बाराचे तीन. जुळला! अर्थात दोन अंकांची अदलाबदल झाली असती तरी ताळा जुळलाच असता, हे शाळकरी पोरांनाही पक्कं ठाऊक असतं.

शेवटी एकच शून्य आहे, तेव्हा ही वर्गसंख्या नव्हे. दोनाने आणि तिनाने भाग जातो, म्हणजे सहानेही जातो. मग तिचा निम्मा, तिसरा आणि सहावा हिस्सा मिळवला की संख्या तिथेच पुरी होते आणि बाकीचे विभाजक शिल्लक राहतात. ज्या संख्यांच्या विभाजकांची बेरीज अशी मूळ संख्येच्या वर जाते, त्यांचा ग्रीक गणिती निकोमाकसने सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी वेगळा गट केला होता.

मला सगळ्यांत आवडली ती अकराची कसोटी. एक सोडून एक अंक घेऊन बेरीज करा: ६९. राहिलेल्या तेरा अंकांची करा: तीही ६९! फरक शून्य, म्हणजे अकराने निःशेष भाग. वाटेल तशा निवडलेल्या आकड्यांतून हे निघावं, ही गंमतच.

आता आपल्या देवळालीच्या कापरेकर मास्तरांची कसोटी. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जातो ती त्यांची हर्षद संख्या. १५६ घ्या, बेरीज बारा, बारा तेरं छप्पन्नाशे. आपल्या पाहुणीची बेरीज १३८, म्हणजे सहा गुणिले तेवीस. सहाने भाग जातो, तेविसाने भागल्यास तीन उरतात. हर्षद नाही.

तुमचा मोबाईल नंबर मात्र असू शकेल. दहा अंकांची बेरीज करा, भागून बघा आणि हर्षद निघाला तर आम्हाला जरूर कळवा. नंबर न सांगता.