देखाव्यातील लघुमूर्ती : रूपांतर आणि रंगकाम

बाजारात मिळणारी लघुमूर्ती, मग ती कथिलाच्या मिश्रधातूची असो, रेझिनची असो वा पॉलिस्टायरीन प्लास्टिकची, बहुधा एकटी उभी राहण्यासाठीच घडवलेली असते. ती साच्यातून सहज सुटावी आणि चारही बाजूंनी तिचा पोशाख दिसावा, या दोन गरजांमुळे तिचे हात अंगापासून थोडे सुटे, छाती पुढे आणि मान ताठ असते. तिच्यासमोर पुढे कोण उभे राहणार हे मूर्तिकाराला ठाऊक नसल्यामुळे तिची नजर कोठेच लागलेली नसते. अशा पाच मूर्ती एका पाटावर मांडल्या तर पाच मूर्तींचे प्रदर्शन होते, देखावा होत नाही. स्पर्धेसाठी डायोरामा, म्हणजे एखादा प्रसंग ठरावीक प्रमाणात त्रिमितीय रूपात उभा करणारा देखावा, करणाऱ्या हौशी कलावंताचे निम्मे काम म्हणूनच रंगाची बाटली उघडण्यापूर्वीचे असते. तयार मूर्ती कापून, वाकवून आणि तिच्यावर नवी भर घालून तिला दुसरी व्यक्ती बनवण्याच्या या कामाला या छंदात रूपांतर किंवा ‘कन्व्हर्जन’ म्हणतात.

नेपोलियनच्या सैन्याची १८१२ सालची मॉस्कोहून माघार हा या क्षेत्रातील आवडता विषय असून रूपांतराची गरज त्यात विशेष स्पष्ट दिसते. फ्रेंच पायदळाची ५४ मिलिमीटर उंचीची, म्हणजे सुमारे १:३२ प्रमाणाची, मूर्ती घेतली तर ती बहुधा संचलनातील सैनिकाची असते : खांद्यावर बंदूक, डोक्यावर उंच टोपी, पाठीवर नीट बांधलेली पिशवी. तिचा थंडीने आणि उपासमारीने खचलेला शिपाई करायचा असेल, तर अंगावर चिंध्या चिकटवून भागत नाही; आधी शरीराचा भार बदलावा लागतो. त्यासाठी सोनाराच्या बारीक करवतीने कंबर तिरकी कापून, पोटाकडून पाचरीएवढा भाग काढून धड पुढे झुकवावे लागते. ज्या पायावर भार आहे त्या बाजूचा नितंब वर जातो, दुसऱ्या बाजूचा खाली येतो आणि खांदे त्याच्या उलट कलतात. हा शरीररचनेचा साधा नियम चुकला, तर पुढचे सगळे काम कितीही नाजूक असले तरी मूर्ती टेकूवर उभी केल्यासारखी दिसते.

कापलेले भाग नुसत्या सुपरग्लूने जोडले तर धातूच्या वजनाने सांधा निखळतो, म्हणून दोन्ही बाजूंना बारीक भोके पाडून त्यांत पितळी तारेचा तुकडा बसवतात. दोन भोके समोरासमोर यावीत यासाठी एका भागावर ओल्या रंगाचा ठिपका देऊन दुसरा भाग त्यावर टेकवतात आणि जेथे खूण उमटते तेथे गिरमिट लावतात. उरलेली फट आणि नवे कपडे यांसाठी इपॉक्सी पुट्टी वापरली जाते. दोन घटक मळून एकत्र केल्यावर घट्ट होणारा हा पदार्थ महाराष्ट्रात नळजोडणीच्या एम-सीलमुळे घरोघरी परिचित आहे; मूर्तिकामातील ‘ग्रीन स्टफ’ त्याचाच लवचीक भाऊबंद असून त्यातील निळी आणि पिवळी पट्टी मळली की हिरवा रंग येतो. तो सुमारे दीड तास हाताळता येतो आणि घट्ट झाल्यावरही किंचित रबरासारखा राहतो, त्यामुळे वस्त्राच्या चुण्यांना तो उत्तम, पण तलवारीच्या धारेला निरुपयोगी. तेथे दगडासारखी कडक होणारी आणि कानस सोसणारी ‘मिलिपुट’ ही पुट्टी वापरावी लागते. डगला एका बैठकीत करण्याचा मोह टाळून आधी आतले शरीर घडवून ते सुकू द्यावे आणि मगच वर पातळ थर चढवावा, हे श्रेयस्कर. कारण चुण्या हवेत निर्माण होत नाहीत, त्या खांदा, काख आणि कमरपट्टा अशा ताणाच्या जागांपासून निघतात.

तपशिलाबाबत कल्पनेपेक्षा पुरावा बरा. व्युर्टेंबर्गचा तोफखाना अधिकारी ख्रिस्तियान विल्हेल्म फॉन फाबर दु फौर याने नेपोलियनच्या १८१२ च्या मोहिमेत स्वतः केलेली रेखाटने पुढे छापली गेली, आणि पोशाखाचा नियम मोडलेला सैनिक प्रत्यक्षात कसा दिसत होता, हे समजण्यासाठी गणवेशांच्या कोणत्याही कोशापेक्षा ती अधिक उपयोगी आहेत. थकलेल्या माणसाने काय फेकले आणि काय जपले, या एका प्रश्नाच्या उत्तरातून मूर्ती उभी राहते : बंदूक टाकलेली, पण पातेले कमरेला बांधलेले.

रंगकामाचा मूळ प्रश्न असा की वस्तू लहान करता येते, प्रकाश लहान करता येत नाही. खऱ्या माणसाच्या हनुवटीखाली पडणारी ठळक सावली पाच सेंटिमीटरच्या मूर्तीवर खोलीतल्या पसरट उजेडात जवळजवळ नाहीशी होते. म्हणून ती रंगाने निर्माण करावी लागते. यासाठी आधी काळे अस्तर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला थर, देऊन त्यावर वरच्या बाजूने तिरका पांढरा फवारा मारतात, ज्यामुळे प्रकाश कोठे पडेल याचा आराखडा मूर्तीवरच मिळतो. मग पाण्याने पातळ केलेल्या ॲक्रिलिक रंगाचे पारदर्शक थर चढवले जातात. खाचांत साचणारा पातळ गडद रंग, म्हणजे ‘वॉश’, आणि कोरड्या ब्रशने उंचवटे उजळणे या जलद युक्त्या आहेत. स्पर्धेत त्या पायाला चालतात, कळसाला नाही.

देखाव्यात एक दोष मात्र कुशल रंगकर्मींकडूनही होतो : प्रत्येक मूर्ती स्वतंत्रपणे हातात धरून रंगवल्यामुळे प्रत्येकीवर तिचा तिचा सूर्य उगवलेला असतो. बर्फात पेटलेल्या शेकोटीभोवती चार शिपाई असतील, तर आगीकडील बाजू उबदार आणि पाठ निळसर हवी, ज्वाळेपेक्षा उजळ काहीही असता कामा नये आणि अंतर वाढेल तसा तो प्रकाश झपाट्याने ओसरायला हवा. धातूचा रंग न वापरता साध्या रंगांच्या छटांनी चकाकी भासवण्याची पद्धत येथे गोत्यात आणते, कारण ती चकाकी एकाच कोनातून खरी वाटते आणि परीक्षक तर पाटाभोवती फिरत असतो. अमेरिकन कलावंत शेपर्ड पेन (१९४६–२०१५) यांनी नावारूपाला आणलेल्या पेटीतील देखाव्यात ही अडचण उरत नाही. तेथे प्रेक्षक एकाच खिडकीतून पाहतो आणि आतला दिवा निर्मात्याच्या ताब्यात असतो.

प्रमाणाचा प्रश्न मराठी वाचकाला दिवाळीच्या किल्ल्यावरून चटकन समजेल. तेथे महाराज दरवाज्याहून उंच असले तरी कोणाला खटकत नाही, कारण उंची तेथे महत्त्व दाखवते. स्पर्धेतील डायोरामात मात्र एका मूर्तीचे डोके शेजारच्या मूर्तीहून थोडे मोठे असले तरी भ्रम तुटतो. खेळांसाठी बनलेल्या २८ मिलिमीटर मूर्तींची डोकी आणि पंजे मुद्दाम मोठे ठेवलेले असतात, त्यामुळे वास्तव प्रमाणातील मूर्तींशी त्यांचा संकर सहसा फसतो.

स्पर्धांचे नियम या कलेला निरनिराळे वळण देतात. ब्रिटनमधील गेम्स वर्कशॉप या कंपनीने १९८७ साली सुरू केलेल्या ‘गोल्डन डेमन’ स्पर्धेत कंपनीच्याच मूर्ती चालतात आणि सर्वोत्कृष्ट कलाकृतीला ‘स्लेयर स्वोर्ड’ ही तलवार मिळते. मर्यादित साहित्यामुळे तेथे रूपांतराची कल्पकता अधिक उठून दिसते. याउलट शिकागोच्या लघुमूर्तिकारांमध्ये रुजलेल्या खुल्या पद्धतीत स्पर्धकांची आपसांत तुलना न होता प्रत्येक काम एका मानदंडावर तपासले जाते, आणि पात्र ठरलेल्या सर्वांना सुवर्ण, रौप्य वा कांस्य पदक मिळू शकते. प्रेक्षकाला पहिली पद्धत रंजक वाटते; शिकणाऱ्याला दुसरी अधिक उपकारक आहे.

रूपांतर जितके चांगले, तितके ते रंगाखाली दिसेनासे होते, म्हणून अनेक स्पर्धक अस्तरापूर्वीच्या अवस्थेची छायाचित्रे शेजारी ठेवतात, ज्यांत राखाडी धातू आणि हिरवी पुट्टी वेगवेगळी दिसते. परीक्षकाने ती देखावा पाहून झाल्यावरच हाती घ्यावीत हे उचित, कारण आधी पाहिली तर त्याचे लक्ष शिपायांवरून उडून सांध्यांच्या शोधात जाते.