आधी विचारा



आपल्या अणदूरचा खंडोबा वर्षातले बरेचसे महिने अणदुरात आणि थोडे दिवस नळदुर्गजवळच्या मैलारपुरात मुक्कामाला असतो. देव न्यायच्या वेळी दोन्हीकडच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो. रीत पिढ्यान्‌पिढ्यांची, सगळ्यांना तोंडपाठ. तरी दरवेळी कागद होतोच. जे काम चुकून चालत नाही ते आठवणीवर सोडू नये, एवढा अर्थ मी त्यातून घेतो. आज ज्या तीन संशोधनांबद्दल बोलणार आहे, ती तिन्ही याच जागी येऊन थांबतात.

पहिलं आपल्या घराचं. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवून माणसं उशिरा झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. ६.२ तीव्रतेच्या त्या भूकंपात हजारो माणसं गेली, त्यातली बहुतेक आपल्याच घराच्या भिंतीखाली आणि माळवदाखाली.

ती भिंत आठवून पाहा. दोन-अडीच फूट रुंद, बाहेरून कशी भक्कम! पण आत दगडांचे दोन वेगवेगळे पदर आणि मधे चिखल, चिपा नि गोटे. हादरा बसला की बाहेरचा पदर फुगून बाहेर पडतो, आतला आत कोसळतो. वर माळवदाची माती. दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला घातलेली, थरावर थर चढलेली. काही ठिकाणी लाकडी खणाचा सांगाडा उभा राहिला आणि भिंती तेवढ्या ढासळल्या. अभियंत्यांनी ढिगारे तपासून जे उपाय सांगितले, त्यातला एक अगदी साधा आहे: दोन्ही पदरांना बांधणारा, भिंतीच्या आरपार जाणारा दगड. दगडी बांधकामाचं भारतीय मानक सांगतं, की असा दगड उंचीत दर दोन फुटांवर आणि लांबीत जास्तीत जास्त चार फुटांवर हवा. गवंड्याला ठाऊक असतं. पण घाईत राहून जातं, आणि एकदा गिलावा झाला की कोणाला दिसत नाही.

दुसरं संशोधन शस्त्रक्रियेच्या खोलीतलं. डॉ. अतुल गावंडे अमेरिकेतले शल्यविशारद. त्यांच्या वडिलांचं मूळ गाव यवतमाळ जिल्ह्यातलं उटी. त्यांच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली १९ मुद्द्यांची एक यादी काढली. भूल देण्याआधी: रुग्ण तोच ना? बाजू डावी की उजवी? चिरण्याआधी: खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. शेवटी: सुया, कापसाचे बोळे, हत्यारं मोजली का? आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली; त्यात एक दिल्लीचं होतं. मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं. नवं औषध नाही की नवं यंत्र नाही. माहीत असलेलंच, मोठ्याने विचारलेलं.

अणदूरकरांना यात नवल वाटू नये. इथे डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यातल्या साध्यासुध्या बायकांना शिकवून ‘भारतवैद्य’ म्हणून उभं केलं. वैद्यकातलं जे नेमकं आणि नेमाने करता येतं, ते मोठ्या पदवीवाचूनही हातात येतं, हे आपण गावातच पाहिलं आहे.

तिसरं जीवाश्मांचं. भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीत ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं. ३३८ मीटरपर्यंत आपला काळा पाषाण, त्याखाली आठेक मीटर गाळाचा थर आणि मग अतिप्राचीन खडक. जमीन थरांनी बोलते ती अशी. याच काळ्या पाषाणावर मांजरा नदीने पुढे वाळू-गोट्यांचे थर रचले. त्यांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना हत्तींचे आणि पाणघोड्यांचे अवशेष सापडले आहेत. म्हणजे मांजरेच्या काठी एकेकाळी पाणघोडे डुंबत होते! पण हाडाची किंमत त्याच्या जागेत असते. ते कोणत्या थरात, किती खोल, कशाशेजारी पडलं होतं, यावरून त्याचा काळ ठरतो. वाळू काढताना सापडलेलं हाड घरी आणून देव्हाऱ्यात ठेवलं, की त्याची साक्ष संपली.

घर, देह आणि जमीन, तिन्हींच्या आत काय आहे ते वरून दिसत नाही. म्हणून झाकण्याआधी, कापण्याआधी, उचलण्याआधी विचारायचं असतं.

तेव्हा श्रोतेहो, घर बांधत असाल तर गिलाव्याआधी गवंड्याला म्हणा, ‘मामा, आरपारचा दगड कुठंकुठं घातला ते दाखवा.’ घरातल्या कोणाचं ऑपरेशन असेल तर कोणती बाजू, ते डॉक्टरांना न लाजता विचारा. आणि नदीकाठी दगडासारखं जड हाड दिसलं, तर हात न लावता जागेचा फोटो काढा आणि जाणकाराला कळवा.