थकबाकी एक, न्याय दोन

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



टेलिफोनचे बिल थकले तर काय होते, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. प्रथम बाहेर जाणारे फोन बंद होतात, मग येणारे. विलंब-आकार चढत जातो. अखेरीस तो क्रमांकच दुसऱ्याच्या नावे जातो. आज बँकेचा निरोप, गॅसची नोंदणी, कामाचे बोलावणे हे सारे त्याच क्रमांकावर येते. काही शे रुपयांपायी माणूस व्यवहारातूनच बाद होतो. वर वसुलीवाले तुरुंगाचा धाक घालतात. तो पोकळ आहे. बिल थकणे हा दिवाणी देण्याचा प्रश्न आहे. केवळ थकबाकी हा फौजदारी गुन्हा नव्हे.

टेलिफोन सरकारी होता तेव्हाही ग्राहकाला झुकते माप नव्हते. १९५१ च्या तार नियमावलीतील ४४३ व्या नियमाने बिल थकताच पूर्वसूचनेवाचून फोन तोडता येत असे. केरळातील अशाच एका प्रकरणात, १८८५ च्या तार कायद्यातील लवादाच्या तरतुदीकडे बोट दाखवून, सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली ग्राहक मंचाचे दार बंद केले. ते दार उघडे असल्याचा निर्वाळा मिळण्यास २०२२ साल उजाडावे लागले.

आता दुसरी थकबाकी पाहा. महसुलातील सरकारचा वाटा दूरसंचार कंपन्यांनी भरलाच पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये दिला. रक्कम होती सुमारे १ लाख ४७ हजार कोटी रुपये. सप्टेंबर २०२० मध्ये फेडीसाठी दहा वर्षे मिळाली. २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने चार वर्षांची सवलत दिली. व्होडाफोन आयडियाच्या देण्यापैकी १६,१३३ कोटी २०२३ मध्ये आणि ३६,९५० कोटी २०२५ मध्ये सरकारने भागभांडवलात रूपांतरित करून घेतले.

कंपनी बुडाली तर स्पर्धा संपेल, ग्राहक भरडला जाईल, हे सरकारचे म्हणणे अगदीच खोटे नाही. परंतु ऋणकोला सावरण्यास अवधी द्यावा, हे तत्त्व जर कोट्यवधींच्या देण्याला लागू पडते, तर ज्याची मजुरी महिनाभर बुडाली त्याला ते का लागू पडू नये?

म्हणून आपली मागणी माफीची नाही. लेखी सूचना, हप्त्यांची सोय आणि वाद मिटेपर्यंत येणारे फोन चालू, एवढेच आपण मागतो. थोरांना मिळालेली मुदत धाकट्यांचा हक्क बनावी, यासाठी आपण वस्तीवस्तीत उभे राहिले पाहिजे.