पर्स कुणाची, पैसे कुणाचे?

(बचत गटांच्या कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरात केलेले भाषण)



दारातल्या टेबलावर मांडलेल्या पर्स तुम्ही पाहिल्यात. एक घुबडाच्या आकाराची, एक कैरीसारखी, एक जुन्या इरकली लुगड्याच्या काठाची. प्रत्येकीने हौसेने उचलून पाहिली. किंमत ऐकल्यावर मात्र काहीजणी म्हणाल्या, "एवढी?" त्या 'एवढी'बद्दलच मला बोलायचं आहे.

या पर्स शिवणाऱ्या बाया पूर्वी ठेकेदाराचं काम घरी आणायच्या. एकीने अस्तर लावायचं, दुसरीने चेन, तिसरीने मणी. मजुरी नगावर. मी एम.एस.डब्ल्यू. होऊन वस्तीत पहिली पाहणी केली, तेव्हा विचारलं, "काम काय करता?" मांडीवर शिवण घेऊन त्या म्हणाल्या, "काही नाही, घरीच असते." आणि मीही फॉर्मवर 'गृहिणी' लिहून मोकळी झाले! आज त्याची लाज वाटते. तुकड्यातुकड्याने काम केलं की वस्तूचं मोल कळत नाही, आणि आपलंही.

ज्युडिथ लीबर ही १९२१ साली बुडापेस्टमध्ये जन्मलेली ज्यू बाई. पर्सच्या कारखान्यात झाडू मारणं, सरस शिजवणं इथपासून तिने सुरुवात केली आणि तिथल्या कारागीर-संघाची पहिली स्त्री सदस्य झाली. महायुद्धातून वाचली, न्यूयॉर्कला गेली. तिथल्या कारखान्यांत प्रत्येकजण एकेकच भाग करी. हिला मात्र अख्खी पर्स करता येई. १९६३ साली तिने स्वतःचा धंदा काढला. एकदा धातूच्या पर्सचा मुलामा बिघडून आला, तर तिने त्यावर चमकते खडे चिकटवले. तीच तिची ओळख झाली. पुढे प्राण्यांच्या, भाज्यांच्या आकाराच्या तिच्या पर्स हजारो डॉलरना विकल्या गेल्या. तिथे कुणी "एवढी?" म्हटलं नाही.

म्हणून आमच्या गटात आता प्रत्येकजण कापण्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत सगळं शिकते. मग हिशेब मांडतो : कापड, अस्तर, चेन, धागा, वीज आणि आपले तास. पूर्वी हा शेवटचा आकडा कुणी धरतच नव्हतं.

पण एवढ्याने भागत नाही. इंग्लंडमध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडणाऱ्या मिलिसेंट फॉसेट यांची पर्स स्टेशनवर चोरीला गेली. चोर पकडला गेला. आरोपपत्रात मात्र लिहिलं होतं की पर्स त्यांच्या नवऱ्याच्या मालकीची! विवाहित स्त्रीला आपल्या मालमत्तेवर पूर्ण हक्क देणारा कायदा तिथे १८८२ साली आला.

आपल्याकडे कायदा आज तसं म्हणत नाही. पण गटाची पहिली कमाई वाटली, तेव्हा एकजण म्हणाली, "ताई, ह्यांच्या खात्यात टाका, माझं खातंच नाही." दिवसाला पर्स शिवणारी बाई, आणि स्वतःची पर्स रिकामी!

घरी बसून काम करणाऱ्यांना इतर कामगारांसारखी वागणूक मिळावी, असा करार आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली केला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. ती मागणी आपण लावून धरूच. पण परत गेल्यावर दोन गोष्टी आधी करा. पाहणीच्या फॉर्मवर 'गृहिणी' लिहिण्यापूर्वी तिच्या मांडीवर काय आहे ते पाहा. आणि प्रत्येकीचं खातं तिच्याच नावाने उघडा.

आणि हो, जाताना घुबड विकत घ्या. घासाघीस न करता!