‘अंगावरून वारं गेलं’ म्हणजे नेमकं काय?

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या आरोग्यविषयक कार्यक्रमात सोसायटीच्या सभागृहात केलेलं भाषण)



25 वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा सभेत विषय असायचा मुलांच्या झोपाळ्याचा. आता विषय असतो जिन्याच्या कठड्याचा. सभासद तेच, वयं वाढली. म्हणून सेक्रेटरींनी मला पक्षाघातावर बोलायला सांगितलं. मी डॉक्टर नाही. नोकरी बँकेत झाली. पण चार वर्षांपूर्वी आमच्या सौभाग्यवतींना हा आजार झाला. तेव्हापासून डॉक्टरांना विचारून जे समजलं, तेवढंच सांगतो.

आपल्याकडे म्हणतात, अंगावरून वारं गेलं. त्यामुळे वाटतं की दोष हातापायांत आहे. मग तेल चोळा, मालिश करा. कुणी कबुतराचं रक्तसुद्धा लावायला सांगतं. अहो, हातपाय ठणठणीत असतात. बिघाड असतो मेंदूत. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण प्राणवायू लागतो सुमारे 20 टक्के. आणि गाठीला काही नाही! फिक्स्ड डिपॉझिट नाही, सगळा कारभार रोखीवर. मोठी रक्तवाहिनी बंद पडली, की दर मिनिटाला सुमारे 19 लाख पेशी जातात, असा तज्ज्ञांचा हिशोब आहे.

हे दोन तऱ्हांनी होतं. बहुतेकांच्या बाबतीत रक्ताची गुठळी अडकते. काहींच्या बाबतीत रक्तवाहिनी फुटून रक्तस्राव होतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, पण उपचार अगदी उलटे. गुठळी विरघळवणारं औषध रक्तस्रावात दिलं तर जीव जाईल. म्हणून आधी सीटी स्कॅन लागतो. आणि म्हणूनच घरच्या घरी ॲस्पिरिन द्यायची नाही.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्यातही जितकं लवकर तितकं चांगलं. हे तास कधीपासून मोजायचे? माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला, तेव्हापासून. रात्री दहाला नीट झोपला आणि पहाटे सहाला हात उचलेना, तर घड्याळ रात्री दहापासून चालू. ती वेळ कागदावर लिहून घ्या. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात. काही निवडक रुग्णांची गुठळी नळी घालून नंतरही काढता येते, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. आपण उशीर करायचा नाही.

ओळखायचं कसं? हसायला सांगा, तोंड एका बाजूला वाकडं होतंय का. दोन्ही हात वर करायला सांगा, एक खाली येतो का. एखादं साधं वाक्य बोलायला सांगा, जीभ अडखळते का. यातलं एक जरी अचानक झालं, तरी 108 ला फोन करा. अचानक तोल जाणं, एकदम दिसेनासं होणं, हीसुद्धा लक्षणं आहेत. यात बहुधा दुखत नाही, आणि घात तिथेच होतो. माणूस म्हणतो, ‘जरा पडतो, बरं वाटेल.’ पडू देऊ नका. दहा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं तरी त्याच दिवशी, लगेच दवाखाना गाठा. ती पुढच्या झटक्याची नोटीस असू शकते. पाणी, चहा, गोळी काही देऊ नका. गिळता येत नसेल तर ते श्वासनलिकेत जातं.

आता नंतरचं. मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते, आणि बहुतेकांची भाषाही डावीकडेच असते. आमच्या हिची उजवी बाजू गेली आणि शब्दही गेले. तिला चहा हवा असतो, तोंडातून येतं ‘किल्ली’. बुद्धी शाबूत आहे, समोरचं बरंचसं समजतं. शब्दच सापडत नाही. मंडळी प्रेमाने घरी येतात, पण तिच्यासमोर मला विचारतात, ‘वहिनी कशा आहेत?’ तिलाच विचारा ना! मोठ्याने बोलू नका, कान चांगले आहेत. एका वेळी एकच प्रश्न विचारा आणि उत्तराची वाट बघा. वाक्य तुम्ही पुरं करू नका.

अशा माणसाला दुबळा हात धरून ओढून उठवू नका, खांदा निखळतो. एकाएकी रडू आलं, थकवा आला, तर तेही मेंदूच्या इजेमुळे असू शकतं; त्याला ‘मनाने खचले’ म्हणून मोकळे होऊ नका. सुधारणा पहिल्या काही महिन्यांत जास्त होते, पण पुढेही थांबत नाही. मेंदूचे शाबूत भाग नवीन काम शिकतात. मात्र रोज सराव हवा. गेल्या दिवाळीत हिने डाव्या हाताने दारात पणती लावली.

आणि हे टाळता येतं का? पुष्कळदा, हो. सर्वांत मोठं कारण रक्तदाब. मग मधुमेह, तंबाखू, हृदयाचे अनियमित ठोके. ‘बी.पी. नॉर्मल आलं, गोळी बंद केली,’ असं पुष्कळ जण सांगतात. अहो, हप्ते वेळेवर जातात म्हणून खातं नियमित दिसतं. कर्ज फिटलेलं नसतं! डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका.

शेवटी सोसायटीला तीन विनंत्या. एक, जवळच्या कोणत्या दवाखान्यात सीटी स्कॅन आणि हे इंजेक्शन रात्रीही मिळतं, ते फोन करून विचारावं आणि 108 च्या शेजारी नोटीस बोर्डावर लिहावं. दोन, लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही, तेव्हा तळमजल्यावर एक चाकाची खुर्ची ठेवावी आणि ती कुठे आहे हे वॉचमनला माहीत असावं. तीन, फाटकापासून लिफ्टपर्यंतच्या वाटेत गाडी लावू नये. स्वतःचीसुद्धा!

पुढची 25 वर्षं एकमेकांच्या साथीने जावोत.