साथीला बसल्यावर जे दिसतं



पत्रिकेत माझी वेळ संध्याकाळी सहाची छापली आहे, पण मी सकाळी दहालाच इथे आले होते. मुलांनो, तुमच्या शाळेतली गायनस्पर्धा ऐकायची होती, म्हणून शेवटच्या रांगेत जाऊन बसले. निकाल लागला, टाळ्या झाल्या, आणि मी चहाला निघाले तेव्हा जिन्याच्या वळणावर कुणीतरी भिंतीकडे तोंड करून रडत होतं. कोण ते मी नीट पाहिलं नाही, आणि पाहिलं असतं तरी सांगितलं नसतं. शेजारी उभं असलेलं दुसरं कुणीतरी मात्र मोठ्या आवाजात म्हणत होतं, "सोड गं, सगळं आधीच ठरलेलं होतं!"

मी आज दुसरंच भाषण लिहून आणलं होतं. ते पर्समध्येच राहू दे. मला त्या जिन्याबद्दल बोलायचं आहे.

मी संवादिनीवर साथ करते. शाळा-कॉलेजांच्या स्पर्धांत साथीला बसते त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. सगळ्या स्पर्धकांबरोबर वाजवणारी माणसं दोनच, तबलजी आणि पेटीवाला. परीक्षक समोर टेबलाशी असतात. मी गाणाऱ्यापासून दीड हातावर असते. काळी चारमध्ये तयारी केलेली मुलगी घाबरून काळी पाच मागते, तेव्हा तिच्या ओठांचा थरकाप मला दिसतो. अंतरा संपवून ती समेवर नेमकी आली की तिचा सुटलेला श्वास मला ऐकू येतो. तीन-तीन महिने मोबाइलवर तानपुरा लावून, चाचणी परीक्षा सांभाळून मुलं तयारी करतात आणि मंचावर चार मिनिटांत सगळं आटोपतं. "अरे, एवढं काय मनावर घ्यायचं, स्पर्धाच तर होती" असं मोठी माणसं म्हणतात ते मला पटत नाही. ज्यानं मनापासून गायलं त्याला लागणारच. त्यानं रडावं, घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडावं.

पण आपल्याकडे रडीचा डाव असाही एक शब्द आहे, आणि तो मी स्वतः खेळलेला आहे.

आठवीत होते. आंतरशालेय नाट्यगीत स्पर्धेत अर्ध्या गुणानं माझा दुसरा नंबर आला. पहिली आली ती माझ्याच वर्गातली, माझ्याच बाकावर बसणारी मुलगी. मैत्रिणी माझ्याभोवती जमल्या आणि म्हणाल्या, "खरा नंबर तुझाच होता." त्यांना मला धीर द्यायचा होता. मी ते वाक्य उचललं आणि त्याला पाय फोडले. आधी म्हणाले, पेटीवाल्या काकांनी माझी लय वाढवली. ते काका बिचारे दर वर्षी एक पैसा न घेता सायकलवरून पेटी घेऊन यायचे. मग म्हणाले, परीक्षक तिच्या बाबांच्या ओळखीचे आहेत. हे मी कुठून आणलं? कुठूनच नाही. बोलताना सुचलं आणि बोलून गेले. दोन दिवसांत ते अख्ख्या शाळेत पसरलं. आठवडाभरानं पाहिलं तर ती मुलगी दुसऱ्या बाकावर बसायला लागली होती. पुढच्या वर्षी बाईंनी नाव विचारलं तेव्हा तिनं मान हलवून नाही म्हटलं.

माझा नंबर दुसरा होता तो दुसराच राहिला. तिचा पहिला मात्र मी काढून घेतला.

हे मला नीट कळलं ते फार उशिरा, एका परक्या स्पर्धेची हकीकत वाचताना. पोलंडमध्ये वॉर्सा इथे शोपँ या संगीतकाराच्या नावानं पियानोची स्पर्धा होते, साधारण पाच वर्षांतून एकदा. पियानोवाल्यांच्या जगात तिच्याएवढा मान फार थोड्या स्पर्धांना आहे. १९८० साली युगोस्लाव्हियाचा इव्हो पोगोरेलिच हा तरुण अंतिम फेरीच्या आधीच बाहेर पडला. परीक्षकांमध्ये मार्था आर्गेरिच होत्या, ज्यांनी स्वतः १९६५ मध्ये हीच स्पर्धा जिंकली होती. हा मुलगा अलौकिक प्रतिभेचा आहे, असं जाहीर करून त्या परीक्षकपद सोडून निघून गेल्या. जगभर बातमी झाली. पुढे पोगोरेलिचला ध्वनिमुद्रणाचे करार मिळाले, मोठमोठी सभागृहं मिळाली. ही गोष्ट आजही सांगितली जाते, आणि सांगणारा बहुधा इथेच थांबतो.

मग ती स्पर्धा जिंकली कुणी? व्हिएतनामच्या डांग थाय सन यांनी, वयाच्या २२व्या वर्षी. ती स्पर्धा जिंकणारे ते पहिले आशियाई. ते हनोईचे. त्यांचं बालपण अमेरिकी बॉम्बहल्ल्यांच्या काळात गेलं. संगीतशाळा शहरातून खेड्यात हलवली होती आणि आई पियानोची शिक्षिका होती, म्हणून शिकणं चालू राहिलं. पहिल्या क्रमांकाबरोबर माझुर्का, पोलोनेझ आणि कॉन्चेर्तो या तिन्ही प्रकारांची खास बक्षिसंही त्यांनाच मिळाली. आणि एवढं करून त्या दिवसांत लोक बोलत होते ते बाहेर पडलेल्या मुलाबद्दल. आर्गेरिचबाईंच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. त्यांचं भांडण परीक्षकांशी होतं आणि ते त्यांनी पद सोडून, स्वतःच्या नावानिशी मांडलं. पण व्हिएतनामच्या त्या मुलाची संध्याकाळ त्या गदारोळात गेली. हे वाचताना मला वॉर्सा दिसत नव्हतं, आमच्या वर्गातला तो रिकामा बाक दिसत होता.

डांग थाय सन वाजवत राहिले, शिकवत राहिले. २०२१ मध्ये हीच स्पर्धा ब्रूस लिऊ यांनी जिंकली. ते त्यांचे शिष्य.

तुमच्यातलं कुणीतरी आता मनात म्हणत असेल, खराच अन्याय झाला असेल तर काय गप्प बसायचं? नाही, बसू नका. १९०५ साली फ्रान्समध्ये मोरिस राव्हेल नावाचा संगीतकार तिथल्या सर्वांत मानाच्या स्पर्धेत पाचव्यांदा उतरला आणि प्राथमिक फेरीतच बाद झाला. अंतिम फेरीत पोचलेले सगळे एकाच शिक्षकाचे विद्यार्थी निघाले, आणि ते शिक्षक परीक्षक मंडळात होते! लोक खवळले, वर्तमानपत्रांतून वाद झाला, संगीत महाविद्यालयाचे संचालक पायउतार झाले आणि त्यांच्या जागी गाब्रिएल फोरे आले. कारण हे परीक्षक मंडळाबद्दलचं म्हणणं होतं आणि ते कुणालाही तपासून पाहता येत होतं. शंका असेल तर परीक्षकांना विचारा, लेखी विचारा, नाव घालून विचारा. जिन्यात उभं राहून जिंकलेल्या मुलीच्या बाबांबद्दल बोलू नका.

मुख्याध्यापक सर, आपल्याला एक विनंती. निकालानंतर परीक्षकांना लगेच चहाला नेऊ नका. अर्धा तास तिथेच बसवा. सूर, लय, शब्दोच्चार, सादरीकरण या रकान्यांत प्रत्येकाला किती गुण मिळाले ते ज्याचं त्याला दाखवा. "अंतऱ्यात तुझा वरचा षड्ज उतरत होता" एवढं वाक्य मुलाला मिळालं तर तो उद्या सकाळी त्या षड्जावर बसेल. काहीच मिळालं नाही तर तो गोष्ट रचेल. मीही रचलीच होती ना.

माझ्या पेटीचंही तुम्हाला सांगते, कारण ती स्वतः नाकारलेली आहे. १९४० मध्ये आकाशवाणीनं संवादिनीवर बंदी घातली, आणि ती सैल व्हायला १९७०चं दशक उजाडलं. आक्षेप असा की या वाद्यातून मींड निघत नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, पट्ट्या सुट्या सुट्या वाजतात, आणि आपल्या रागांच्या बारीक श्रुती त्यात बसत नाहीत. मुलांनो, आक्षेप खोटा नव्हता. पेटीवर मींड निघत नाही, आजही निघत नाही. वाजवणाऱ्यांनी ते ऐकून घेतलं आणि भात्याच्या दाबावर, बोटं एकमेकांत मिसळण्यावर वर्षानुवर्षं मेहनत केली. आप्पा जळगावकरांची साथ ऐका, बोरीचे तुळशीदास बोरकर ऐका. सुट्या पट्ट्यांचं वाद्य आहे हे ऐकताना विसरायला होतं. बोरकरांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. डॉ. विद्याधर ओकांनी तर बावीस श्रुतींची पेटी घडवली. नकारात जेवढं खरं होतं तेवढ्याशी ही माणसं झगडली. उरलेल्याचं त्यांनी काय केलं मला ठाऊक नाही, पण ते त्यांच्या वाजवण्यात ऐकू येत नाही.

आणि हे जिन्यात शेजारी जे उभं होतं त्याच्यासाठी. तुझी मैत्रीण रडत असेल तर तिला पाणी दे, शेजारी बस. तिला रडकी म्हणू नकोस. "खरा नंबर तुझाच होता" असंही लगेच म्हणू नकोस, ते वाक्य फार दिवस अंगात राहतं. आणि तीच कुणाबद्दल वेडंवाकडं बोलायला लागली तर तिला हळूच म्हण, "चल, आधी तिचं अभिनंदन करून येऊ." मला असं कुणी म्हटलं असतं तर मी गेले असते का? बहुतेक रागावले असते. पण दुसऱ्या दिवशी गेले असते.

त्या वर्गमैत्रिणीला मी गेल्याच वर्षी भेटले, जवळजवळ चाळीस वर्षांनी. माफी मागितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तो करंडक मी घरी नेलाच नव्हता. तू काय काय बोलतेस ते आईपर्यंत जाईल अशी भीती वाटायची." मी तिला गायला सांगितलं. तिनं तेच नाट्यगीत धरलं. मुखडा झाला आणि अंतऱ्यात शब्द आठवेनात. मी पेटीवर पुढची ओळ वाजवून दिली.

आता बक्षीस समारंभ आहे. तो झाला की मंचावरची पेटी उचलू नका. सकाळी गायलेल्यांपैकी ज्यांची नावं आता पुकारली जाणार नाहीत, ते सगळे वर या. मी साथीला बसते. पहिल्या नंबरवाल्यांनी पुढच्या रांगेत बसून ऐकायचं. पट्टी आठवत असेल तर सांगा. नसेल तर दोन सूर गा, मी शोधून देते.