पेपर आपणच वाचायचा
(अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



फिजिक्स घेऊन बी.एस्सी. करणारी पोरं समोर बसलीत, म्हणून थेट मुद्द्याला हात घालतो. तुमच्या सिलॅबसात न्यूटन येतो, मॅक्सवेल येतो, थोडा बोर, थोडा आइन्स्टाइन. गाडी बहुतेक शंभर वर्षांमागच्या स्टेशनावरच थांबते. आज काय चाललंय असं विचारलं तर उत्तर मिळतं, 'आधी सिलॅबस पुरा कर, ते पीएच.डी.वाल्यांचं काम.' हे वाक्य आपल्या कानाला नवीन नाही. 'पायरी ओळखून राहा' हेच ते, फक्त इंग्रजी शिकून आलेलं.

सिलॅबस फेकून द्या असं मी म्हणत नाही. गणिताची मेहनत कुणाला चुकलेली नाही. पण आजचं संशोधन वाचायला आधी कुणाचा दाखला आणायचा, हे मला मान्य नाही.

१९१९ च्या मे महिन्यात खग्रास ग्रहण झालं. सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश वाकतो का, हे तेव्हा मोजलं गेलं आणि नोव्हेंबरात आइन्स्टाइनचं नाव जगभर झालं. पण त्याचे मूळ लेख जर्मनमध्ये. कलकत्त्याच्या दोन तरुण लेक्चररनी ते इंग्रजीत आणले आणि १९२० साली कलकत्ता विद्यापीठाने ते पुस्तक छापलं. दोघं सव्विशीतले. एक सत्येंद्रनाथ बोस, दुसरे मेघनाद साहा. साहा म्हणजे ढाक्याजवळच्या खेड्यातल्या लहान दुकानदाराचा पोरगा. जात खालची मानलेली. कलकत्त्याच्या होस्टेलात सवर्ण पोरांना त्यांच्या पंगतीला बसणं खपत नव्हतं. त्याच १९२० मध्ये या माणसाने आयनीकरणाचं समीकरण मांडलं. ताऱ्याच्या प्रकाशातल्या रेषांवरून त्याचं तापमान काढायची वाट त्यातून मोकळी झाली. ताजं संशोधन विद्यार्थ्यांपर्यंत आणायचं आणि स्वतःही करायचं, ही दोन्ही कामं त्यांनी एका दमात केली.

आज तुम्हाला जर्मन शिकायची गरज नाही. १९९१ साली पॉल गिन्सपार्ग या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने 'आर्काइव्ह' सुरू केलं. मासिकात छापून यायच्या आधीच संशोधक आपले पेपर तिथं ठेवतात. वाचायला पैसा लागत नाही, ओळखपत्र लागत नाही. तिथला प्रत्येक पेपर बरोबर असतो असं मात्र नाही, तेवढं ध्यानात ठेवा. पण दार उघडं आहे. आत जायचं की नाही, एवढंच उरलंय.

आत गेल्यावर काही कळतं का? बघूया.

१४ सप्टेंबर २०१५. अमेरिकेत लायगोची दोन यंत्रं, एक हॅनफर्डला, एक लिव्हिंग्स्टनला. प्रत्येकाला चार किलोमीटर लांबीचे दोन हात. त्या दिवशी दोन्हीकडे एक थरथर नोंदली गेली. हाताची लांबी प्रोटॉनच्या व्यासापेक्षा शेकडो पटींनी लहान अशा अंतराने हलली. सव्वाशे कोटी प्रकाशवर्षांहून दूर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती, त्याची ती गुरुत्वीय लहर. फेब्रुवारी २०१६ मध्ये पेपर आला. लेखक हजारावर.

हजार लेखकांचा पेपर आपण काय वाचणार? मग हे गणित करा. दोन यंत्रांमध्ये अंतर सुमारे ३,००० किलोमीटर. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर. भागाकार करा, १० मिलिसेकंद येतात. म्हंजे लहर प्रकाशाच्या वेगाने आली असेल तर दोन नोंदींत यापेक्षा जास्त फरक पडता कामा नये. पेपरात फरक दिलाय सुमारे ७ मिलिसेकंद. बसलं! पुढं, मिसळण्याआधी वजनं सूर्याच्या सुमारे ३६ पट आणि २९ पट, मिसळल्यावर ६२ पट. तीन सूर्य कुठं गेले? लहरी होऊन गेले. ऊर्जा किती, ते आइन्स्टाइनच्या सूत्रात तीन सूर्यांचं वजन घालून आज रात्री काढा. यात बारावीच्या पलीकडचं काही नाही. एवढंच नाही, त्या नोंदीचे मूळ आकडेही लायगोने सगळ्यांसाठी खुले केलेत. थोडं प्रोग्रामिंग येणारी पोरगी साध्या कॉम्प्युटरवर गोंगाट गाळून ती थरथर स्वतः काढू शकते.

आणि हे काही परक्या मुलखाचंच राहिलेलं नाही. असंच यंत्र हिंगोली जिल्ह्यात, औंढ्याजवळ उभं करायचं ठरलंय. २०२३ साली केंद्राने त्याला २,६०० कोटी मंजूर केले. तिथं भिंती बांधायला आपली माणसं असतीलच. आकडे वाचायला कोण असणार, हा माझा सवाल आहे.

म्हणून काम सांगतो. आठवड्यातून एक संध्याकाळ, पाच-सहा जण, वस्तीतल्या अभ्यासिकेत किंवा वाचनालयात. महिन्याला एकच पेपर. पहिल्या बैठकीत फक्त सारांश आणि आकृत्या. प्रत्येक आकृतीला विचारा, आडव्या रेघेवर काय, उभ्या रेघेवर काय. दुसऱ्या बैठकीत तीन प्रश्न: मोजलं काय, मोजलं कसं, आणि ही यंत्राची चूक नाही हे ठरवलं कशावरून. समीकरणं तिसऱ्या बैठकीत, जेवढी सुटतील तेवढी. अडलेल्या शब्दांची वही करा. जो मास्तर मदत करेल त्याला बोलवा, असे मास्तर असतात. चौथ्या बैठकीत तोच पेपर मराठीत, आपल्या बोलीत, अकरावीच्या पोरांना सांगा. सांगताना जिथं जीभ अडखळेल तिथं आपल्याला कळलेलं नाही, असं समजा आणि परत वाचा.

याचा आणखी एक फायदा. शोध लागला की दुसऱ्या दिवशी 'हे आमच्या पोथीत होतंच' म्हणणारा कुणीतरी उठतो. ज्याने मूळ पेपर वाचलाय तो त्याला एवढंच विचारील, 'पोथीत किती मिलिसेकंद लिहिलेत?'

पहिली बैठक येत्या शनिवारी घ्या. लायगोचाच पेपर घ्या. वही-पेन घेऊन या.